०.५३ : थंडी मोजणाऱ्या चुंबकाचा इतिहास

१/ धागा जरा लांब आहे, सवडीने वाचावा.

लातूर आणि नांदेड या दोन शहरांत दरवर्षी हजारो विद्यार्थी बारावीच्या भौतिकशास्त्रात एक ओळ पाठ करतात : समचुंबकीय पदार्थाची चुंबकीय ग्रहणशीलता निरपेक्ष तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असते. हा क्यूरीचा नियम. प्रश्न बहुधा एका गुणाचा. उत्तर लिहिले, पान उलटले, विषय संपला.

२/ डिसेंबर २०१६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओम प्रकाश, अनिल कुमार, ए. तमिळवेल आणि एस. रामकृष्णन या चौघांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक शोध जाहीर केला. बिस्मथ हा धातू साध्या वातावरणीय दाबाखाली ०.५३ मिलिकेल्विन तापमानाला अतिसंवाहक होतो, म्हणजे त्याचा विद्युतरोध नाहीसा होतो. ०.५३ मिलिकेल्विन म्हणजे निरपेक्ष शून्याच्या वर एका अंशाचा जेमतेम एकोणीसशेवा भाग. ताऱ्यांमधील रित्या अवकाशातही विश्वारंभीच्या प्रारणाची २.७ केल्विन इतकी ऊब असते. कुलाब्यातील तो बिस्मथचा स्फटिक तिच्याहून सुमारे पाच हजार पटींनी थंड होता.

३/ बातमी सर्वत्र छापून आली. एक प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही : हे ०.५३ मोजले कशाने? तेथे पाऱ्याची नळी चालत नाही, कारण पारा उणे ३९ अंशांनाच गोठतो. विजेच्या तारेने मोजावे, तर मोजण्यासाठी सोडलेला प्रवाहच ती तार तापवतो. या प्रश्नाचे उत्तर त्या एका गुणाच्या ओळीत दडलेले आहे. ते तेथवर कसे पोहोचले, त्याचा हा इतिहास.

४/ आरंभ आपल्याच भागातून करू. नांदेड-लातूरच्या खेड्यापाड्यांत पोहोचणारी सर्वांत थंड वस्तू कोणती? पशुवैद्यकीय दवाखान्यातील नायट्रोजनचा जार. देवणी आणि लाल कंधारी वळूंच्या रेतमात्रा कृत्रिम रेतनासाठी त्यात उणे १९६ अंशांवर, म्हणजे ७७ केल्विनला ठेवतात. या जाराला तापमापक नसतो. कर्मचारी एक पट्टी आत बुडवतो, बाहेर काढून हवेत हलवतो आणि तिच्यावर हिमाचा पांढरा थर कोठवर चढला ते पाहतो. आत द्रव शिल्लक आहे एवढे कळले की तापमान कळलेच, कारण उघड्या भांड्यात उकळणारा नायट्रोजन ७७ केल्विनपाशीच राहतो. द्रव हाच स्वतःचा तापमापक.

५/ त्याहून थंड वस्तूही आपल्या दोन्ही शहरांत आहे. एम.आर.आय. यंत्राच्या पोटातील अतिसंवाहक चुंबक बहुधा द्रव हेलियममध्ये बुडालेला असतो : ४.२ केल्विन, म्हणजे उणे २६९ अंश. रुग्ण त्यापासून हातभर अंतरावर पांघरूण घेऊन पडलेला असतो आणि त्याला याची गंधवार्ता नसते.

६/ हेलियमचा द्रव प्रथम केला तो हॉलंडमधील लायडन येथे हाइके कामरलिंग ऑनेस यांनी, १० जुलै १९०८ रोजी. तीनच वर्षांनी त्याच प्रयोगशाळेत पाऱ्याची अतिसंवाहकता सापडली. द्रवावरील वाफ पंपाने ओढून घेतली की तो आणखी थंड होतो आणि वाफेच्या दाबावरून तापमानही काढता येते. या वाटेने ऑनेस १९२२ मध्ये ०.८३ केल्विनपर्यंत उतरले. पुढे वाट संपली. इतक्या थंडीत वाफ उरतच नाही. मग पंपाने ओढायचे काय आणि दाब मोजायचा कशाचा? थंड करण्याचे साधन आणि थंडी मोजण्याचे साधन एकाच वेळी निकामी झाले. फेब्रुवारी १९२६ मध्ये ऑनेस वारले आणि त्याच वर्षी दुसरी वाट सुचवली गेली.

७/ तिकडे वळण्यापूर्वी आपल्या पायाखालच्या दगडाकडे पाहू. कंधारचा किल्ला पाहा, औसा पाहा, उदगीर पाहा : सगळीकडे तोच काळा पाषाण. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी हा लाव्हारस म्हणून वाहत होता. तो थिजत असताना, साधारण ५८० अंशांच्या खाली त्यातील मॅग्नेटाइटच्या कणांनी त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरली आणि ती आजतागायत सोडलेली नाही. दख्खनच्या थरांपैकी बऱ्याच थरांत ती दिशा आजच्या नेमकी उलट आहे. आपल्या किल्ल्यांच्या चिऱ्याचिऱ्यांत चुंबकत्व आणि उष्णता यांचा एक करार नोंदलेला आहे.

८/ तो करार वाचला पिएर क्यूरी यांनी, १८९५ च्या आपल्या प्रबंधात. त्यात दोन निष्कर्ष होते. लोखंडासारखे पदार्थ एका ठरावीक तापमानाच्या वर आपले लोहचुंबकत्व गमावतात. तो क्यूरी बिंदू, म्हणजे आपल्या काळ्या दगडाची गोष्ट. दुसरा निष्कर्ष ऑक्सिजनसारख्या समचुंबकीय पदार्थांविषयी : त्यांच्यातील अणू सुट्या, एकमेकांशी जवळजवळ अबोल असलेल्या छोट्या चुंबकांसारखे असतात. बाहेरील चुंबक त्यांना एका ओळीत उभे करू पाहतो, उष्णता त्यांना विस्कटते. उष्णता निम्मी केली की ओळ दुप्पट चांगली लागते. हीच आपली पाठ केलेली ओळ.

९/ आता ती ओळ उलटी वाचा. तापमानावरून चुंबकत्व कळत असेल, तर चुंबकत्वावरून तापमान का कळू नये? शिवाय नेहमीच्या तापमापकांहून येथे एक विलक्षण सोय आहे. इतर साधने थंडीत दुबळी होत जातात : द्रव गोठतात, वाफ विरते, दाब नाहीसा होतो. चुंबकीय तापमापक मात्र जितकी थंडी अधिक तितका बलवान होतो. खोलीच्या तापमानाला ज्या मिठाचे चुंबकत्व शोधावे लागते, त्याचे चुंबकत्व १ केल्विनला तीनशे पट झालेले असते.

१०/ १९२६ मध्ये युरोपात पीटर डिबाय यांनी आणि अमेरिकेत विल्यम जिओक यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, याच अणुचुंबकांनी थंडी निर्माणही करता येईल असे सुचवले.

ते समजण्यासाठी वैशाखातला माठ आठवावा. माठातले पाणी झिरपून बाहेर येते, त्याची वाफ होते, आणि एकत्र बांधलेल्या रेणूंना सैरावैरा होण्यासाठी लागणारी उष्णता उरलेल्या पाण्यातून जाते. म्हणून पाणी गार होते. अणुचुंबकांचे तसेच. प्रथम बलवान चुंबकाने त्यांना ओळीत उभे करायचे. तेव्हा निघणारी उष्णता द्रव हेलियमला देऊन टाकायची. मग मिठाचा बाहेरच्या जगाशी संबंध तोडायचा आणि चुंबकाचे क्षेत्र हळूहळू शून्यावर आणायचे. ओळ मोडू लागते. मोडण्यासाठी लागणारी उष्णता दुसरीकडून मिळणे शक्य नसते, म्हणून ती मिठाच्या स्वतःच्या साठ्यातून जाते. मीठ थंड होते. माठातून वाफ निघून जाते, येथे काहीच निघून जात नाही, एवढाच फरक.

११/ जिओक आणि त्यांचे सहकारी मॅकडूगल यांना हे प्रत्यक्षात आणायला सात वर्षे लागली. १९ मार्च १९३३. बर्कली. ६१ ग्रॅम गॅडोलिनियम सल्फेट, ८००० गाउसचे क्षेत्र, आरंभीचे तापमान ३.४ केल्विन. क्षेत्र काढून घेतले आणि मीठ उतरले ते ०.५३ केल्विनवर.

होय, ०.५३. बर्कलीत १९३३ मध्ये ०.५३ केल्विन आणि कुलाब्यात २०१६ मध्ये त्याचा नेमका हजारावा भाग. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध होत नाही; पण एकदा लक्षात आला की विसरता येत नाही. पुढच्या महिन्यात बर्कलीचे प्रयोग ०.२५ केल्विनपर्यंत पोहोचले. जिओक यांना १९४९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

१२/ मोजले कसे? मिठाभोवती तारेचे वेटोळे होते. मिठाचे चुंबकत्व वाढले की वेटोळ्याचे विद्युत प्रवर्तन बदलते. ते मोजायचे आणि क्यूरीच्या नियमात घालून तापमान काढायचे. मिठाला तार लावायची नाही, स्पर्श करायचा नाही. वैद्यबुवांनी नाडीला हात न लावता ताप सांगावा, तसे.

१३/ येथे सावध वाचक थांबेल आणि थांबायलाच हवे. ज्या नियमाने थंडी निर्माण केली, त्याच नियमाने ती मोजली. मग नियमच चुकत असेल तर? आरोपीलाच साक्षीला उभे केल्यासारखे झाले.

ही शंका पोकळ नव्हती. क्यूरीच्या नियमाची अट अशी की अणुचुंबक एकमेकांशी अबोल असले पाहिजेत. पुरेशा थंडीत ते अबोल राहत नाहीत. उष्णतेचा गलबला शमला की शेजाऱ्याची कुजबुज ऐकू येते, अणू परस्परांकडे वळू लागतात आणि नियम ढळतो. म्हणून त्या काळच्या शास्त्रज्ञांनी प्रामाणिकपणे दोन शब्द वेगळे ठेवले : नियम खरा धरून येणारे ते ‘चुंबकीय तापमान’, आणि खरे तापमान निराळे. या दोहोंतील अंतर शोधणे हे पुढील काही दशकांचे खरे काम ठरले. माझ्या मते या विषयाच्या इतिहासातील सर्वांत मोलाचा भाग हाच. नवा नीचांक गाठल्याच्या बातम्या त्यामानाने किरकोळ.

१४/ ऑक्सफर्डमध्ये निकोलस कुर्ती आणि फ्रान्सिस सायमन यांनी उष्णतागतिकीचा आधार घेतला. मिठाला ठाऊक असलेल्या मापाची उष्णता द्यायची, त्याच्या अव्यवस्थेत म्हणजे एन्ट्रॉपीत किती भर पडली ते काढायचे आणि या दोहोंच्या गुणोत्तरातून खरे तापमान मिळवायचे. पण थंड मिठाला सर्वत्र सारखी उष्णता द्यायची कशी? त्यांनी गॅमा किरणांचा वापर केला : किरण भांड्याच्या भिंतीतून आरपार जाऊन मिठाला आतून एकसारखे तापवतात. (हे कुर्ती पुढे पाकशास्त्रातील भौतिकीमुळेही प्रसिद्ध झाले, पण तो विषय निराळा.)

१५/ दुसरा उपाय म्हणजे अधिक अबोल मीठ शोधणे. १९५३ मध्ये ऑक्सफर्डच्याच कुक, डफस आणि वुल्फ यांनी सेरियम मॅग्नेशियम नायट्रेटचे गुण दाखवून दिले. याचे स्फटिक पाण्यातून खडीसाखरेसारखे वाढवता येतात आणि स्फटिकात पाण्याचे रेणू इतके असतात की सेरियमचे अणू एकमेकांपासून दूर राहतात. या मिठात क्यूरीचा नियम काही मिलिकेल्विनपर्यंत टिकतो. नीच तापमान भौतिकीत (शास्त्राचे मराठी नाव हेच आहे, त्याला इलाज नाही) पुढील दोन पिढ्या या मिठाच्या भरवशावर काम करीत राहिल्या.

१६/ या मिठाची एक खोड आहे. स्फटिकाच्या अक्षाला आडव्या दिशेने मोजले तर चुंबकत्व भरपूर, अक्षाच्या दिशेने मोजले तर जवळजवळ नाहीच. स्फटिकाचे चुंबकत्व दिशेनुसार असे बदलते, याचा काटेकोर अभ्यास करणाऱ्या जगातील अग्रणींमध्ये एक भारतीय होते : के. एस. कृष्णन. १९२९ च्या सुमारास ढाक्यात आणि नंतर कोलकात्यात त्यांनी स्फटिक बारीक तंतूला टांगून, चुंबकीय क्षेत्रात तो किती पीळ खातो यावरून ही मापने केली. रामन यांच्याबरोबरच्या कामामुळे त्यांचे नाव माहीत असते. हे काम मात्र झाकोळले गेले. पुढे ते दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले आणि देशातील द्रव हेलियमचे काम त्यांच्याच कारकिर्दीत तेथे सुरू झाले.

१७/ मिलिकेल्विनच्याही खाली जायचे तर सेरियमसुद्धा बडबडा ठरतो. तेथे अणू सोडून अणुकेंद्राकडे जावे लागते. केंद्रकाचे चुंबकत्व इलेक्ट्रॉनच्या हजारपटींनी लहान, म्हणून केंद्रके एकमेकांना फार उशिरा ओळखतात. क्यूरीचा नियम त्यांच्या बाबतीत मायक्रोकेल्विनपर्यंत पाळला जातो. १९५६ मध्ये ऑक्सफर्डला तांब्याच्या केंद्रकांवर हाच माठाचा प्रयोग यशस्वी झाला. कुलाब्याच्या यंत्रातही शेवटची थंडी देतात ती तांब्याची अणुकेंद्रकेच.

१८/ मोजण्यासाठी मात्र बहुधा प्लॅटिनम वापरतात. रेडिओलहरींचा छोटा ठोका देऊन त्याची केंद्रके डोलवायची आणि परतणारा प्रतिसाद ऐकायचा : प्रतिसाद जितका मोठा, तितके तापमान कमी. एम.आर.आय. यंत्र आपल्या शरीरातील हायड्रोजनवर हेच करते. प्लॅटिनमचा दुसराही गुण आहे. ठोक्यानंतर केंद्रकांना पूर्वपदावर येण्यास लागणारा वेळ तापमानाच्या व्यस्त प्रमाणात असतो : १ मिलिकेल्विनला सुमारे ३० सेकंद, अर्ध्या मिलिकेल्विनला सुमारे एक मिनिट. म्हणजे एकाच धातूत दोन साक्षीदार, एक आवाजाचा आणि एक घड्याळाचा. दोघांचे म्हणणे जुळले तर विश्वास ठेवायचा.

१९/ केंद्रकांचा हा आवाज ऐकण्याची विद्या मुंबईत फार लवकर आली. स्टॅनफर्डला १९५१ मध्ये अल्कोहोलच्या एका रेणूतील हायड्रोजनच्या तीन निरनिराळ्या जागा तीन निरनिराळ्या सुरांत ऐकू आल्या. त्या प्रसिद्ध शोधनिबंधाच्या तीन लेखकांपैकी एक एस. एस. धर्मट्टी होते. ते परतून टाटा संस्थेत आले आणि तेथे त्यांनी या विषयाची परंपरा घातली. जानेवारी १९६२ मध्ये नेहरूंच्या हस्ते संस्थेच्या कुलाब्यातील वास्तूचे उद्घाटन झाले.

२०/ तापमापकावर किती अवलंबून असते, हे एका उदाहरणाने सांगतो. १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात ओशेरॉफ, रिचर्डसन आणि ली यांना हेलियम-३ मध्ये २.७ मिलिकेल्विनच्या आसपास एक स्थित्यंतर आढळले. प्रथम त्यांनी ते घन हेलियममधले मानले. लवकरच ते द्रवातील अतिप्रवाहिता असल्याचे कळले आणि १९९६ चे नोबेल त्यासाठी मिळाले. आज त्या स्थित्यंतराचे मान्य तापमान २.४४४ मिलिकेल्विन आहे. हेलियम तेच, स्थित्यंतर तेच. मध्यंतरी सुधारली ती मोजपट्टी.

२१/ ती सुधारलेली मोजपट्टी आंतरराष्ट्रीय समितीने २००० साली स्वीकारली. तिचे पाय हेलियम-३ च्या वितळण्याच्या दाबावर आहेत आणि दाब व तापमान यांची सांगड घालताना चुंबकीय तापमापकांची साक्ष घेतलेली आहे. ही पट्टी १ केल्विनपासून खाली ०.९ मिलिकेल्विनपर्यंत जाते आणि थांबते. त्या शेवटच्या पायरीवरही खऱ्या तापमानाविषयीची अनिश्चितता सुमारे २ टक्के आहे.

आता बिस्मथचा आकडा पुन्हा पाहा : ०.५३. जगाने एकमताने मान्य केलेली शिडी जेथे संपते, त्याच्याही खाली. तेथे हात धरायला आहे ते केवळ केंद्रकांचे चुंबकत्व आणि क्यूरीची ओळ.

२२/ मग शोध डळमळीत म्हणायचा का? मला तसे वाटत नाही. बिस्मथ अतिसंवाहक होतो याचा पुरावा तापमापकाचा नाही. अतिसंवाहक पदार्थ चुंबकीय क्षेत्र आपल्या आतून हुसकून लावतो. ते हुसकणे दिसले. उद्या ०.५३ चे ०.५० किंवा ०.५५ झाले, तरी हुसकणे तसेच राहील. आणि सिद्धान्ताला धक्का बसला तो त्यानेच. बिस्मथमध्ये साधारण एक लाख अणूंमागे एकच मोकळा इलेक्ट्रॉन असतो. इतक्या विरळ वस्तीत इलेक्ट्रॉनांच्या जोड्या जुळाव्यात कशा, याचे उत्तर १९५७ पासून प्रचलित असलेल्या सिद्धान्ताच्या रूढ चौकटीत बसत नाही. आकडा थोडाफार हलल्याने ही अडचण हलत नाही.

२३/ दुसरी अडचण मात्र चुंबकाचीच होती. बिस्मथची ही अतिसंवाहकता इतकी नाजूक की ५.२ मायक्रोटेस्लाहून अधिक क्षेत्र तिला निरपेक्ष शून्यालाही सोसवत नाही. मुंबईत पृथ्वीचे स्वतःचे क्षेत्र सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणारे जे क्षीण बळ, त्याचा आठवा भागही आत शिरला तर शोध बुडाला. ज्या यंत्रात थंडीसाठी प्रचंड चुंबक लागतो, त्याच यंत्रात नमुन्यापाशी पृथ्वीचाही चुंबक पोहोचू द्यायचा नाही, अशी ही दुहेरी कसरत.

२४/ हे सारे घडले ते कुलाब्यात. त्याच कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या याच चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. पुढे गणिती म्हणून आणि टिळकांचे गुरू म्हणून नावाजलेले केरो लक्ष्मण छत्रे यांनी तरुणपणी तेथे काम केले. १ आणि २ सप्टेंबर १८५९ च्या प्रचंड सौर वादळाची नोंद कुलाब्याच्या सुईने टिपली आणि ती आजही जगभर अभ्यासली जाते. नंतर मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या. त्यांच्या प्रवाहाने सुया बिघडतील हे ओळखून संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये चुंबकीय कामकाज खाडीपलीकडे अलिबागला नेले. पृथ्वीचा क्षीण आवाज नीट ऐकू यावा म्हणून शहर सोडणारे ते, आणि शंभर वर्षांनी त्याच भूशिरावर तो आवाज पूर्ण बंद करून बिस्मथकडे कान लावणारे हे.

२५/ मोजपट्टीचे पुढे काय झाले? २० मे २०१९ पासून केल्विनची व्याख्याच बदलली. तो आता बोल्ट्झमान स्थिरांकाच्या ठरवून दिलेल्या मूल्यावर उभा आहे. त्यामुळे एक नवा चुंबकीय तापमापक पुढे आला आहे. धातूतील इलेक्ट्रॉन उष्णतेने सतत चुळबुळत असतात. त्या चुळबुळीतून अत्यंत सूक्ष्म चुंबकीय गोंगाट निर्माण होतो आणि अतिसंवाहक संवेदकाने तो ऐकता येतो. गोंगाट किती, यावरून तापमान किती हे काढता येते. यात क्यूरीचा नियम लागत नाही, मीठ लागत नाही. ०.९ मिलिकेल्विनच्या खालची सर्वमान्य पट्टी मात्र अजून आखायची आहे.

नानाभाई मूस आणि अलिबागची वेधशाळा यांवर पुढचा धागा लिहीन.